वैद्यकीय शिकणाऱ्या मुलांची सिनेमा बघण्याची नजर का बदलते?

एका आईने विचारलेला हा प्रश्न आहे. मुलगी वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पूर्वी सिनेमात कुणी रडलं की हिचेही डोळे भरून यायचे. आता घरचे सगळे सिनेमा बघत असले की ती मध्येच म्हणते, "असं नसतं." परवा पडद्यावर म्हातारे वडील गेले. सगळे गप्प बसले होते आणि ही म्हणाली, "त्यांचं पोट हलतंय बघ." आईला कळत नाही की हे सगळ्याच मुलांचं होतं का, मुलगी कठोर होत चालली आहे का, आणि ती परत कधी आधीसारखा सिनेमा बघेल का.

मी फिजिशियन आहे. बावीस वर्षं वॉर्ड आणि आयसीयूमध्ये काम करते आहे आणि त्यातली बरीच वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. हो, जवळजवळ सगळ्यांचं असं होतं. निव्वळ एवढ्यावरून ती कठोर होते आहे असं मी म्हणणार नाही. आणि आधीसारखा सिनेमा ती बहुधा बघणार नाही. पण तिची आत्ताची नजर तिथेच थांबत नाही. पुढे ती आणखी बदलते, आणि मला त्या पुढच्या बदलाबद्दल जास्त सांगायचं आहे.

आधी ते पोट हलण्याचं. रुग्णाला हात लावण्यापूर्वी नुसतं बघायचं, हे आम्ही मुलांना पहिल्यांदा शिकवतो. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहा, छाती आणि पोट बघा, श्वास मोजा, तोही पूर्ण मिनिटभर, आणि रुग्णाला कळू न देता. कारण कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. हे शेकडो वेळा केलं की डोळे आपोआप तिथे जातात. एकदा वाचता यायला लागलं की दुकानाच्या पाटीवरची अक्षरं न वाचता नुसती बघता येत नाहीत, तसंच हे आहे. तुमची मुलगी पडद्यावरच्या मृत माणसाचे श्वास मुद्दाम शोधत नव्हती. ते तिला दिसले.

वर्षागणिक काय दिसतं ते बदलत जातं. पहिल्या वर्षी शरीररचना शिकताना गोळी लागण्याचे प्रसंग बिघडतात. नायकाच्या खांद्यात गोळी लागते, तो दात ओठ खाऊन दुसऱ्या हाताने लढत राहतो, आणि डिसेक्शन हॉलमधून आलेल्या मुलाला दिसते ती काखेतून जाणारी मोठी रोहिणी आणि तिला बिलगून असलेलं मज्जातंतूंचं जाळं. "नुसती खांद्यात लागली" हे वाक्य त्याला पुन्हा कधी पटत नाही. पुढे सर्जरी शिकताना कळतं की गोळी बाहेर काढली म्हणजे माणूस वाचला असंही नसतं. जीव जातो तो रक्तस्रावाने, आणि कित्येकदा गोळी आत तशीच ठेवणं जास्त सुरक्षित असतं. न्यायवैद्यक शिकताना "मृत्यू रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी झाला" म्हणणारा पोलिस डॉक्टर खटकायला लागतो, कारण शरीराचा ताठरपणा, थंड होणं, रक्त खालच्या बाजूला साचून पडलेले डाग, हे सगळं जमेला धरूनही हातात येतो तो काही तासांचा अंदाज. रुमालावरचं क्लोरोफॉर्म दोन श्वासांत कुणाला बेशुद्ध करत नाही, त्याला काही मिनिटं लागतात. आणि नुकतं जन्मलेलं म्हणून दाखवतात ते बाळ तर दोन-तीन महिन्यांचं, गुटगुटीत आणि स्वच्छ असतं. असल्या गोष्टींवर मुलं हसतात आणि विसरून जातात. त्यात काही बिघडत नाही.

पण एक चूक अशी आहे जिच्यावर मला हसू येत नाही, आणि विद्यार्थी तिच्यावर चिडले तर मी त्यांना चिडू देते. मॉनिटरवर रेष सरळ होते, लांबलचक आवाज येतो, डॉक्टर "शॉक!" म्हणून ओरडतात, रुग्णाचं शरीर उसळतं आणि हृदय सुरू होतं.

शॉक म्हणजे बंद पडलेलं हृदय सुरू करणारी किल्ली, असं आपल्या सगळ्यांच्या मनात बसलं आहे. प्रत्यक्षात शॉक हृदयाला क्षणभर थांबवतो. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत असतात, रक्त पुढे जातच नाही. शॉकने ती सगळी थरथर एकदम थांबते आणि हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याला पुन्हा ताबा घ्यायची संधी मिळते. सरळ रेष म्हणजे असिस्टोल. तिथे थांबवण्यासारखं काही उरलेलंच नसतं, म्हणून तिथे शॉक देत नाहीत. तिथे छाती दाबत राहायचं, दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम अॅड्रिनलिन द्यायचं आणि ऑक्सिजन, पोटॅशियम, रक्तस्राव यांपैकी दुरुस्त करता येण्यासारखं काही कारण आहे का ते शोधायचं. छाती दाबायची तीही मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची किमान 5 सेंटिमीटर खोल, कोपर सरळ ठेवून. पडद्यावर कोपर वाकलेले दिसतात, कारण खाली झोपलेल्या नटाचं हृदय चांगलं चालू असतं आणि त्याची छाती खरोखर तेवढी दाबता येत नाही. ज्याने एकदा प्रत्यक्ष हे केलं आहे आणि तळहाताखाली बरगडी मोडल्याचं ज्याला कळलं आहे, त्याला ते वाकलेले कोपर लगेच ओळखू येतात.

काही वर्षांपूर्वी पहाटेच्या वेळी आमच्या आयसीयूत सत्तरीचे एक गृहस्थ होते, मूत्रपिंडं निकामी झालेली. रेष सरळ झाली. मी छाती दाबत होते. त्यांचा मुलगा काचेतून बघत होता. तो दार ढकलून आत आला आणि म्हणाला, "शॉक द्या ना मॅडम. मशीन तिथंच आहे." मशीन खरंच पलंगाशेजारी होतं. आम्ही ते वापरत नाही हे त्याला दिसत होतं, आणि का वापरत नाही हे त्या क्षणी सांगायला कुणाचे हात मोकळे नव्हते. वडील गेले. महिनाभराने तो कागदपत्रांसाठी आला तेव्हाही त्याने पहिल्यांदा तेच विचारलं. मी त्याला बसवलं, एका कागदावर दोन रेषा काढल्या, एक वेडीवाकडी थरथरणारी आणि एक सरळ, आणि कुठल्या रेषेला शॉक लागू पडतो ते समजावलं. त्याने पुन्हा एकदा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. महिनाभर तो माणूस काय मनात घेऊन झोपला असेल, याचा विचार मी अजून करते.

म्हणून तुमची मुलगी "असं नसतं" म्हणते तेव्हा ती शहाणपणा मिरवते आहे असं समजू नका. 1996 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. तीन अमेरिकन टीव्ही मालिकांचे 97 भाग बघून त्यात सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन हृदय चालू करण्याचा प्रयत्न, किती वेळा दाखवला आणि पुढे काय झालं ते मोजलं होतं. 60 प्रसंग निघाले. त्यातले 75 टक्के रुग्ण त्या वेळी वाचले आणि 67 टक्के बरे होऊन घरी गेल्यासारखे दाखवले होते. खऱ्या जगात, जिथे व्यवस्था चांगली आहे अशा ठिकाणीसुद्धा, रुग्णालयात हृदय थांबलेल्या चार-पाच जणांपैकी एखादा घरी जातो, आणि रुग्णालयाबाहेर थांबलं तर दहांत एखादा. वडिलांना सीपीआर द्यायचा की शांतपणे जाऊ द्यायचं, हे ठरवायची वेळ घरच्यांवर येते तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पडद्यावरचं चित्र असतं.

कोमाचंही तेच. 2006 साली न्यूरॉलॉजी या नियतकालिकात 1970 ते 2004 दरम्यानच्या, कोमातले रुग्ण असलेल्या 30 सिनेमांचा अभ्यास छापून आला. कोमाचं चित्रण बऱ्यापैकी खरं वाटावं असे त्यात दोन सिनेमे निघाले. बाकीच्यांत माणूस झोपल्यासारखा असतो. गाल भरलेले, गळ्यात नळी नाही, नाकातून अन्नाची नळी नाही, हातापायांचे सांधे आखडलेले नाहीत. मग एक दिवस तो डोळे उघडतो आणि बायकोला नावाने हाक मारतो. मी महिनोन् महिने पलंगाशी बसलेल्या बायका पाहिल्या आहेत. रुग्णाचे डोळे उघडले की त्या धावत येतात, कारण त्यांच्या दृष्टीने डोळे उघडले म्हणजे माणूस जागा झाला. कित्येक रुग्णांचे डोळे उघडतात आणि ओळख येतच नाही. हे त्यांना सांगणं माझ्या कामातल्या सगळ्यात जड गोष्टींपैकी एक आहे.

सिनेमा फक्त नातेवाइकांनाच शिकवतो असंही नाही, आमच्या मुलांनाही शिकवतो. श्वासनलिकेत नळी घालताना रुग्णाची मान आणि डोकं विशिष्ट स्थितीत ठेवावं लागतं. शिकाऊ डॉक्टर ते वारंवार चुकीचं करताना दिसले, आणि त्यातल्या काहींनी सांगितलं की आम्ही हे टीव्हीवर बघितलं होतं. त्यावरचा लेख 2009 साली छापून आला. मनोविकारांवरच्या शॉक उपचाराचं उदाहरण तर मी दरवर्षी वर्गात देते. हा उपचार 1938 साली सुरू झाला. आज तो पूर्ण भूल देऊन आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात, आणि गंभीर नैराश्यात त्याने जीव वाचतात. पडद्यावर मात्र शुद्धीवर असलेल्या माणसाला पट्ट्यांनी बांधून शिक्षा दिल्यासारखा दाखवतात. 2002 सालच्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थ्यांना सिनेमांतली अशी दृश्यं दाखवली, तर एक तृतीयांश विद्यार्थ्यांचा या उपचाराला असलेला पाठिंबा कमी झाला. ही शिकणारी मुलं होती! तेव्हा तुमची मुलगी सिनेमा थांबवते त्यात आतून काहीतरी पुसून काढण्याचा भागही आहे. लहानपणापासून डोळ्यांत गेलेलं तिला आता एकेक करून दुरुस्त करावं लागतं.

याच वयात मुलं नटांचं निदान करायला लागतात. याचे डोळे बाहेर आलेत, थायरॉइड असेल. तिची चाल बघा. वॉर्डात जे रोज चालतं तेच घरी चालतं, आणि मी ते थांबवत नाही. टीव्हीवर दिसलेल्या माणसाच्या गळ्याची गाठ एका नर्सला घरबसल्या दिसली आणि तपासल्यावर ती कर्करोगाची निघाली, असं प्रत्यक्षात घडलेलं आहे. फक्त एक गोष्ट मी मुलांना बजावते. पडद्यावरच्या खलनायकाच्या चेहऱ्यावर व्रण, डाग किंवा टक्कल का असतं, ते विचारा. 2017 साली त्वचारोगतज्ज्ञांनी हॉलिवूडच्या गाजलेल्या दहा नायकांची आणि दहा खलनायकांची तुलना केली. दहांपैकी सहा खलनायकांच्या त्वचेवर किंवा केसांत ठळक दोष होता, नायकांपैकी एकाच्याही नव्हता. कोड असलेली पंधरा वर्षांची मुलगी हे सगळं बघत मोठी होते आणि मग तुमच्यासमोर खुर्चीत येऊन बसते. तिच्याकडे बघताना तुमच्या नजरेत तो सिनेमा असता कामा नये.

हे झालं चुका दिसण्याचं. दुसरा बदल वॉर्डच्या ड्यूट्या सुरू झाल्यावर येतो आणि तो गप्प असतो. मुलं चुका सांगायचं बंद करतात. रुग्णालयाचे प्रसंग आले की उठून पाणी प्यायला जातात, मोबाइल बघतात किंवा विनोदी सिनेमे तेवढे लावतात.

माझं इंटर्नशिपमधलं सांगते. कॅज्युअल्टीचा पहिला महिना संपला आणि बहिणीबरोबर सिनेमाला गेले. पडद्यावर मॉनिटरचा अलार्म वाजला आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. बहिणीने हात धरून बसवलं. पुढच्या प्रसंगात डॉक्टर एका आईला कॉरिडॉरमध्ये सांगतो की मुलगा वाचला नाही. मी बाहेर आले आणि मध्यंतर होईपर्यंत जिन्यात उभी राहिले. सिनेमात काही चुकीचं नव्हतं. त्याच आठवड्यात मी एका आईला तसंच, कॉरिडॉरमध्ये, उभ्या उभ्या सांगितलं होतं. तिला आधाराला काही नव्हतं. तिने भिंतीला हात लावला तो चुना हाताला लागेपर्यंत तसाच होता, आणि मी पुढच्या रुग्णाकडे गेले.

तुम्ही कठोरपणाबद्दल विचारलं आहे, म्हणून हेही स्पष्ट सांगते. ही भीती निराधार नाही. 2009 साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास आला, त्यात प्रश्नावलीने मोजलेली सहानुभूती तिसऱ्या वर्षात ठळकपणे घसरलेली दिसली. तिथे तिसऱ्या वर्षी मुलं वॉर्डात उतरतात. झोप कमी, माणसं खूप, आणि जे पाहिलं त्यावर बोलायला वेळ नाही. पण सिनेमा बघताना न रडणं आणि आतून कोरडं पडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी जी मुलं कोरडी पडताना पाहिली ती चुका काढत बसत नव्हती. त्यांना कशातच रस उरला नव्हता. तुमची मुलगी अजून तुमच्यात बसून बघते आहे, बोलते आहे. झोप उडाली, स्वप्नांत रुग्ण यायला लागले, जेवणावरची वासना आणि मित्रमैत्रिणींची ओढ गेली, तर मात्र थांबू नका. तिच्या विश्वासातल्या शिक्षकांशी किंवा समुपदेशकाशी तिची गाठ घालून द्या.

आता त्या पुढच्या नजरेबद्दल. वैद्यकीय शिक्षणात सिनेमाचे तुकडे दाखवून शिकवण्याची पद्धत आहे, 1994 पासून तिला सिनेमेड्युकेशन असं नावही मिळालं आहे. मीही ते करते. तीन मिनिटांचा एक तुकडा आहे. शस्त्रक्रियागृहाचं दार उघडतं, सर्जन बाहेर येतो, मास्क खाली ओढतो, मान हलवतो, एका माणसाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि जातो. पहिल्यांदा दाखवला की मुलं हात वर करतात. ग्लोव्ह्ज अजून हातात आहेत, गाउन घालून बाहेर आला, मागच्या एक्स-रेत हृदय उजवीकडे आहे. सगळं बरोबर. मग मी आवाज बंद करून तोच तुकडा पुन्हा लावते आणि सांगते की या वेळी डॉक्टरकडे बघू नका, मागे बाकावर बसलेल्या बाईकडे बघा.

तिच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेला एक चष्मा आहे. शस्त्रक्रियेला नेताना रुग्णाचा चष्मा काढून घरच्यांकडे देतात, तो. सर्जनचे ओठ हलतात तेव्हा ती रुमाल उघडते, चष्म्याच्या काड्या उघडते, पुन्हा मिटते, रुमाल पहिल्यासारखा गुंडाळते आणि घट्ट धरून ठेवते. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. सर्जन तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

पहिल्या वेळी चाळीस मुलांपैकी एकालाही ती बाई दिसलेली नसते, आणि ही हुशार, बघायला शिकलेली मुलं असतात. दुसऱ्या वेळेनंतर वर्गात बराच वेळ कुणी बोलत नाही. गेल्या वर्षी त्या शांततेत मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तो बसला का नाही?"

वाईट बातमी कशी सांगावी याची एक पद्धत 2000 सालापासून जगभर शिकवली जाते. तिच्या सहा पायऱ्या आहेत आणि पहिली पायरीच ही आहे की आडोसा बघा, खुर्ची ओढा, बसा. ती मी पुढच्या तासाला शिकवणार होते. त्या मुलीने ती आधीच शोधली होती, तेही एका साध्या दृश्यातून. पंचवीस वर्षांपूर्वी जिन्यात उभं राहून मला जे कळलं नव्हतं ते तिने चार शब्दांत विचारलं.

चुका दिसायचं पुढेही थांबत नाही. मला अजून वाकलेले कोपर दिसतात, मरायला टेकलेल्या रुग्णाच्या मॉनिटरवर नाडी 72 आणि ऑक्सिजन 99 दिसतो, व्हेंटिलेटरवर असल्याचं सांगतात त्याच्या नाकात नुसती ऑक्सिजनची नळी दिसते. पण नजर तिथे अडकत नाही. ती पुढे जाते आणि बाकावर, दाराशी, काचेपलीकडे कोण आहे ते शोधते. आणि हो, मी रडते. पूर्वी जिथे रडायचे तिथे नाही. मृत्यूच्या प्रसंगात फारसं काही होत नाही, पण गेलेल्या माणसाच्या चपला उचलून बाजूला ठेवणारं कुणी दिसलं की आवरत नाही.

घरी काय करायचं ते सांगते. तिला चुका सांगू द्या. "गप्प बस, मजा घालवू नकोस" म्हणू नका, कारण हे दुसरं कुणासमोर बोलायची सोय तिला नसते. तिच्या वर्गातल्या सगळ्यांना हे माहीतच असतं आणि बाकीच्यांना ऐकायचं नसतं. तिने एखादा प्रसंग टाळला तर टाळू द्या, आग्रह करून बसवू नका.

आणि त्या पोट हलण्याबद्दल मला एक शंका आहे. तिसऱ्या वर्षात मुलांनी बहुतेक पहिला मृत्यू पाहिलेला असतो. आमच्याकडे तेव्हा विद्यार्थ्याला पलंगाशेजारी उभं करतात आणि म्हणतात, बघ, श्वास आहे का. तो छातीकडे बघतो, पोटाकडे बघतो. हलेल असं वाटत राहतं. कापड किंचित हललं तरी श्वास वाटतो. पूर्ण मिनिट बघायचं असतं आणि ते मिनिट फार मोठं असतं. पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्या वडिलांचं पोट हलतंय हे सगळ्यांत आधी तिला दिसलं. एकदा, सिनेमा संपल्यावर, दोघीच असताना तिला विचारा की न हलणारं पोट तिने कधी पाहिलं. लगेच उत्तर आलं नाही तर परत विचारू नका, नुसत्या तिच्याजवळ बसा.